भावोजींची रॅम

माझ्या भावोजींना कामावर सगळे ‘सावकाश’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही, उलट थोडी ऐटच वाटते. एकतीस वर्षं ते लिफ्टच्या दुरुस्तीत आहेत आणि त्यांच्या हाताखालून गेलेली लिफ्ट आजवर कधी कुणाला घेऊन अडकली नाही. हे ताई सांगते. ते स्वतः सांगायचे नाहीत, कारण सांगायचं म्हटलं तर आधी सगळ्या लिफ्टा पुन्हा एकदा बघून यावं लागेल.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती आणि भावोजी पाचव्या मजल्यावर, मी त्याच इमारतीत तिसऱ्यावर. मी एका शाळेच्या ऑफिसात आहे. दिवसभर खिडकीत बसून फॉर्म घेते. समोरचा माणूस स्वतःची जन्मतारीख आठवायला थांबला तरी माझं डोकं तापतं. आता माझ्यासारख्या बाईच्या नशिबात असे भावोजी यावेत, म्हणजे बघा. घरातल्या तीन दिव्यांपैकी एक गेला, तर हा माणूस तिन्ही बदलतो. का, तर एक नवा आणि दोन जुने अशी जोडणी चांगली नाही.

हे खूळ कामावरून घरी आलेलं आहे. लिफ्टची केबिन चार-पाच पोलादी दोरांवर लटकते. त्यातला एक झिजला म्हणून एकटाच बदलायचा नाही. सगळे एकदम बदलायचे आणि तेही एकाच रिळातले. दोन रिळांचे दोर सारखे ताणले जात नाहीत, मग एकावर भार जास्त येतो आणि तो आधी जातो. दोर बदलले की पुरतं वजन भरून लिफ्ट वर-खाली करून बघायची, मगच माणसं आत घ्यायची. त्याला ते लोड टेस्ट म्हणतात. हे मला कसं माहीत? गेल्या वीस वर्षांत मला हे किमान दोनशे वेळा सांगून झालंय.

तर या माणसाला गेल्या महिन्यात कॉम्प्युटरची रॅम निवडायची वेळ आली.

कॉम्प्युटर भाचीचा. ती कॉलेजात असताना हट्ट करून घेतलेला, खास गेम खेळायचा. काळी पेटी, एका बाजूला काच, आत पंख्याभोवती लाल दिवा. तेव्हा तो फार भारी होता. अकरा वर्षं झाली त्याला. भाची घर सोडून गेली तेव्हा तो मागे राहिला, तिच्या खोलीत, तिच्याच टेबलावर.

ती का गेली ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पोरकट वाटेल. भाचीही लिफ्टचंच शिकली. भावोजींचा सुपरवायझर त्यांचा वीस वर्षांपासूनचा मित्र. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडे शब्द टाकला आणि त्यानं भाचीला कंपनीच्या तपासणी विभागात घेतलं. सात महिन्यांत ती घरी काही न सांगता नोकरी सोडून आली. भावोजींनी मित्राला विचारलं, तो म्हणाला, “पोरीला काम झेपलं नाही रे.” त्या संध्याकाळी भावोजी तिला म्हणाले, “तू माझं नाक कापलंस.” आणखीही बरंच बोलले. एरवी सावकाश असणारा माणूस त्या दिवशी मात्र भलताच घाईत होता. भाचीनं एका शब्दानं उत्तर दिलं नाही. आठवड्याभरात तिनं बॅग भरली आणि बसनं सहा तासांवरच्या गावात दुसरी नोकरी धरली. याला दोन वर्षं झाली. ती रोज आईला फोन करते. बाबांना नाही.

मग गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी भावोजी त्या कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला बसले आणि सुरू करून बघितला, तर पडद्यावर कोपऱ्यात आलं की अमुक अमुक तुमच्याबरोबर खेळू इच्छिते. भाचीच होती ती. या कॉम्प्युटरवरच्या तिच्याच जुन्या खात्याचा दिवा हिरवा झालेला तिला तिकडे दिसला होता. भावोजी दहा मिनिटं तसेच बसून राहिले. मग ताईला हाक मारून त्यांनी विचारलं, “यावर ‘हो’ कुठे म्हणायचं?”

तो गेम ट्रकचा आहे. दोघांनी आपापला ट्रक घेऊन मालाची खेप पोचवायची, डोंगरातून, बोगद्यांतून, कुठल्या तरी अफाट लांब रस्त्यावरून. कानाला हेडफोन लावून बोलता येतं. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता बापलेकी ट्रक चालवतात. ती पुढे, हे मागे. आणि बोलणं काय? फक्त रस्त्याचं. ती त्यांना ‘मागची गाडी’ म्हणते, ते तिला ‘पुढची गाडी’.

“मागची गाडी, उतार आहे. वेग कमी करा.”

“केला. पुढची गाडी, डावा दिवा बंद दिसतोय तुझा.”

“बघते.”

बस. ‘जेवलीस का’ नाही, ‘बरं आहे का’ नाही. तास-दीड तास हे असं चालायचं आणि ताई दारात भाजी निवडत उभी राहायची. उभ्यानं कुणी भाजी निवडतं का? पण ती निवडायची. मी एकदा म्हटलं, “अगं, हे दोघं बोलत का नाहीत सरळ?” ती म्हणाली, “बोलतायत तेवढं बोलू दे. तू मध्ये तोंड घालू नकोस.”

महिन्यापूर्वी भाचीचा गेममधूनच निरोप आला. भावोजींनी तो कागदावर उतरवून घेतला होता, म्हणून मला शब्दन्‌ शब्द ठाऊक आहे. ‘नवं व्हर्जन आलंय. जुनं तीन आठवड्यांनी शनिवारी बंद होईल. नव्याला सोळा जीबी रॅम लागते, तुमच्या मशीनला आठच आहे. त्या रविवारी चारला जमेल का? जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी दुसरा जोडीदार बघते.’

भावोजींनी उत्तर धाडलं, ‘जमेल.’

आणि त्या क्षणापासून माणसाची झोप उडाली. ‘दुसरा जोडीदार’ हे दोन शब्द त्यांना काट्यासारखे सलत होते. बोलले नाहीत, पण मला दिसत होतं. ताटावरून मध्येच उठायचे, खोलीत जाऊन त्या काळ्या पेटीची काच काढून आत बॅटरी मारून बघायचे, परत येऊन बसायचे. ताई म्हणाली, “अहो, आत काय उगवणार आहे का?” नवं व्हर्जन त्यांनी आधीच उतरवून बघितलं होतं. गेम उघडायचा, ट्रक निघायचा, आणि पहिला चढ आला की चित्र जागच्या जागी थिजायचं. म्हणजे रॅम वाढवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

पहिल्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. कॉम्प्युटरचे जुने-नवे भाग विकणारी एक बाई आहे, तळघरातल्या दुकानात बसते. भावोजींनी आतल्या दोन पट्ट्या काढून मऊ फडक्यात गुंडाळून नेल्या होत्या. रॅमची पट्टी बोटभर रुंद, वीतभरही लांब नाही. बाईनं एक हातात घेतली, उलटवून बघितली आणि म्हणाली, “ही जुनी जात आहे काका. नवीन माल आता माझ्याकडे येत नाही. दुसऱ्या मशीनमधून काढलेल्या मिळतील. आठ-आठच्या दोन घ्या, या दोन काढून टाका, झालं सोळा.”

तिनं खणातून दोन पट्ट्या काढून काउंटरवर ठेवल्या. एकीवर निळं लेबल, दुसरीवर पांढरं.

“या दोन वेगळ्या आहेत,” भावोजी म्हणाले.

“कंपनी वेगळी आहे. चालतात.”

“चालतात म्हणजे?”

“म्हणजे चालतात काका. रोज लावून देते मी.”

“भार सारखा घेतात का दोघी?”

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी दुकानाचं छत बघत होते. मग भावोजींनी तिला रिळाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तिनं ऐकून घेतली हा तिचा चांगुलपणा. म्हणाली, “जोडी असली तर चांगलंच, मी नाही म्हणत नाही. पण या जुन्या जातीत एकाच खेपेची जोडी शोधायला निघालात तर पोर म्हातारं होईल.” भावोजींनी तिचे आभार मानले आणि आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. वाटेत मी एक अक्षर बोलले नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना त्याचा अर्थ कळेल.

दुसरा आठवडाही तसाच गेला. कामावरून सुटले की बाजार पालथा घालायचा. कुठे एक पट्टी मिळायची, तिची जोड नसायची. कुठे जोडी मिळायची, पण एक दुसरीपेक्षा दोन वर्षांनी जुनी. त्यांनी एक वही केली होती, तिच्यात लेबलांवरचे आकडे टिपून आणायचे आणि रात्रीच्या जेवणानंतर ते एकमेकांशी ताडून बघायचे. ताईचा जीव टांगणीला लागला होता. तिला रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण रविवारी चार वाजता ती खोली गप्प राहिली तर काय होईल, ते पक्कं माहीत होतं.

शेवटी माझाच धीर सुटला. मी माझ्या फोनवरून दोन पट्ट्या मागवल्या. नव्या कोऱ्या, एकाच डब्यात, एकाच कंपनीच्या, दोन दिवसांत घरपोच. मी तो डबा पाचव्या मजल्यावर नेऊन टेबलावर आपटला. “घ्या. एकाच रिळातल्या आहेत.”

भावोजींनी डबा उघडला, चष्मा पुसला, पट्टी मदरबोर्डवरच्या खाचेवर नुसती टेकवून बघितली. दाबली नाही. मग मला जवळ बोलावलं. “हे बघ. पट्टीला खालच्या बाजूला ही फट पाडलेली असते. आपल्या बोर्डाचा दात इथे आहे, हिची फट तिथे. ही नवीन जात. बसणार नाही.”

“जोर लावून?”

“जोर लावून बोर्ड फुटेल,” ते म्हणाले. हसले नाहीत, एवढी तरी मेहेरबानी. माझं तोंड मात्र चांगलंच उतरलं. मी डबा परत पाठवायच्या कामाला लागले आणि त्यात आणखी चार दिवस माझं डोकं उठलं.

शेवटच्या आठवड्यात ते कामावरही धड नव्हते. साधारण पंधरा मिनिटांचं काम असेल तिथे ते पाऊण तास लावतात, हे सगळ्यांना सवयीचं होतं. पण आता ते पाऊण तासाचं काम करून परत पायऱ्या उतरून तेच बघायला जायचे. शुक्रवारी मी त्यांना म्हटलं, “भावोजी, निळी-पांढरी घेऊन या. नाहीतर तिला सरळ कळवा की जमत नाही.” ते म्हणाले, “जमत नाही असं मी तिला कसं कळवू?” आणि माझ्यावर असे काही उखडले की मी जिना उतरून खाली आले ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वर गेलेच नाही.

शनिवारी संध्याकाळी ताईचा फोन आला, वर ये म्हणून. गेले तर भावोजी टेबलापाशी, आणि चेहरा असा की जणू पोटच्या पोरीचा पहिला नंबर आलाय. ते एका नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लिफ्ट बघायला गेले होते. तिथे जुने कॉम्प्युटर मोडीत काढत होते. यांनी विचारलं, एक उघडून बघू का? त्यात आठ-आठच्या दोन पट्ट्या, त्याच जुन्या जातीच्या, त्याच कंपनीच्या, आणि लेबलावरचे क्रमांक लागोपाठचे. भावोजींनी मला ते क्रमांक दोनदा वाचून दाखवले. मीही, खोटं कशाला बोलू, दोन्ही वेळा ऐकले.

पट्ट्या बसवल्या. टकटक आवाज करत दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बंद झाल्या. यंत्र सुरू केलं, लाल दिवा लागला, पंखा फिरला आणि पडद्यावर सोळाचा आकडा आला. ताईनं देवाला हात जोडल्यासारखे जोडले आणि मी टाळ्या वाजवल्या. सात वाजत आले होते. सगळं वेळेत झालं होतं.

आणि तेव्हा हा माणूस म्हणाला, “आता लोड टेस्ट.”

मेमरी तपासायचा एक प्रोग्रॅम असतो. तो सुरू केला की कॉम्प्युटरवर दुसरं काही करता येत नाही. तो मेमरीच्या प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी लिहितो, वाचून बघतो, पुसतो, पुन्हा लिहितो. अशी एक पूर्ण फेरी झाली की दुसरी. दुकानातली बाई म्हणाली होती की दोन फेऱ्या पुरेत, फार तर चार. भावोजींनी आठ लावल्या. पहिली फेरी त्यांनी घड्याळ लावून मोजली, दोन तास वीस मिनिटं. आठनं गुणलं. रविवारी दोनच्या आत सगळं संपतं, चारपर्यंत दोन तास हाताशी राहतात. एका कागदावर हे सगळं लिहून त्यांनी पडद्याला चिकटवून ठेवलं.

रविवारी सकाळी मी वर गेले तेव्हा ते त्या कागदाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीनं बघत होते. पहिली फेरी थोडक्यात उरकायची, ही त्या प्रोग्रॅमची रीतच होती. पुढच्या प्रत्येक फेरीला तो दोन तास पन्नास मिनिटं घेत होता. मी मनात हिशेब केला. मला खिडकीत बसून बाकी काही येत नसलं तरी वेळेचा हिशेब येतो.

“पाच वाजून दहा,” मी म्हटलं.

“पाच वाजून दहा,” भावोजी म्हणाले.

“मग बंद करा. सहा फेऱ्या होतायत ना दुपारपर्यंत? खूप झाल्या.”

“अर्धवट टेस्ट म्हणजे टेस्ट नव्हे.”

“अहो, लिफ्ट नाहीये ती! गेम आहे! बंद पडला तर पडला, कुणी मरणार नाही!”

ते येरझाऱ्या घालत होते, खिडकीपासून कपाटापर्यंत, ते थांबले. “मी कामाला लागलो तेव्हा बावीसचा होतो,” ते म्हणाले. “आमच्या उस्तादानं मालाच्या लिफ्टची टेस्ट अर्ध्यावर सोडली. जेवायला जायचं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी लिफ्ट खाली कोसळली. आतला माणूस वाचला, पाय गेला. कागदावर मात्र टेस्ट पूर्ण होती. मी बघितलाय तो कागद.” एवढं बोलून ते पुन्हा चालायला लागले. तरी माझा राग जाईना. मी स्वयंपाकघरात जाऊन ताईची भांडी घासून टाकली, स्वच्छ असलेलीसुद्धा.

ताई म्हणाली, “मी तिला फोन करून सांगू का, उशीर होतोय म्हणून?”

“नको,” ते आतून ओरडले. “मी ‘जमेल’ म्हटलंय.”

“मग तुम्ही करा फोन.”

आतून येरझाऱ्यांचा आवाज तेवढा येत राहिला. दोन वर्षांत त्यांनी तो नंबर लावला नव्हता. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं.

तीन वाजले. साडेतीन वाजले. आठवी फेरी रांगत होती. भावोजी खुर्चीत बसायचे, उठायचे, हेडफोनची वायर गुंडाळायचे, सोडायचे. पावणेचारला ते हात पुढे करून बंद करायच्या बटणापर्यंत गेले. त्यांनी हात मागे घेतला. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच वेळी इतकी दया आली की मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

चार वाजले. चार वाजून दहा. ताई दारात उभी होती, आज हातात भाजीसुद्धा नव्हती.

चार पंचवीसला ताईचा फोन वाजला. भाचीचा होता. ताईनं घाईघाईत उचलला, स्पीकर सुरू झाला, आणि तिकडून तिचा आवाज आला, “आई, बाबा बरे आहेत ना?”

ताईनं काहीही उत्तर न देता फोन भावोजींच्या हातात दिला. माझी बहीण शहाणी आहे, फक्त ते तिला वर्षाकाठी एकदाच आठवतं.

भावोजींनी फोन दोन्ही हातांत धरला. “मी बरा आहे,” ते म्हणाले.

“मग आला का नाहीत?”

“रॅम मिळाली. जोडी. टेस्ट चाललीये.”

“किती फेऱ्या?”

“आठ.”

ती हसली. दोन वर्षांनी त्या खोलीत तिचं हसू ऐकू आलं आणि ताईनं तोंडावर पदर धरला. “आठ फेऱ्या कुणी करतं का बाबा?” ती म्हणाली. ‘मागची गाडी’ म्हणाली नाही.

“पाऊण तास राहिलाय अजून,” भावोजी म्हणाले. “दुसरा जोडीदार बघितलास?”

“नाही. पंचवीस मिनिटं रस्त्याच्या कडेला ट्रक लावून उभी आहे. मागचे दिवे सुरू करून.”

भावोजी खुर्चीत बसले. पडद्याकडे त्यांची पाठ झाली. मला वाटलं, आता हा माणूस रस्त्याचं काहीतरी बोलणार. पण ते म्हणाले, “मग तोवर सांग. तू नोकरी का सोडलीस?”

“आज विचारताय?”

“आज विचारतोय.”

मग ती सांगायला लागली तेव्हा आवाज अगदी सपाट होता, पाठ करून ठेवल्यासारखा. तपासणी विभागात टेस्ट होतच नव्हत्या. वजनं गाडीतून उतरवायचीच नाहीत, इमारतीत जाऊन चहा घ्यायचा आणि लोड टेस्ट पूर्ण म्हणून सही करायची. तिनं पहिल्या सहीच्या वेळीच नकार दिला. सात महिने नकार दिला. शेवटी सुपरवायझर म्हणाला, “एवढं काय त्यात? तुझ्या बाबांना सगळं माहितीये. त्यांनीच तर मला सांगितलं, पोरीला जरा सांभाळून घे म्हणून.”

“मी असं काही सांगितलं नव्हतं,” भावोजी म्हणाले.

“मला वाटलं खरं असेल. तुम्ही वीस वर्षांचे मित्र. मी घरी येऊन काय विचारणार, तुम्हीपण यात आहात का म्हणून? आणि मग तुम्ही म्हणालात, नाक कापलंस. तेव्हा मला खात्रीच पटली.”

मी भावोजींकडे बघू शकले नाही. दोन पट्ट्यांसाठी अख्खं शहर पालथं घालणाऱ्या या माणसानं मित्राच्या एका वाक्यावर पोटची पोर दोन वर्षं दूर केली होती, आणि तिनंही त्याच मित्राच्या दुसऱ्या एका वाक्यावर बापाला. मला त्या सुपरवायझरच्या तोंडात द्यावीशी वाटली. खरं तर या दोघांच्याही.

“मग परत का आलीस?” भावोजींनी विचारलं. “खेळायला?”

“तुमचा दिवा लागलेला दिसला. दाबलं सहज. आणि मग बघितलं, तुम्ही प्रत्येक उतारावर आधी थांबून ब्रेक तपासता. गेममध्ये बाबा! तिथे कोण तपासतं?” तिचा आवाज पहिल्यांदा हलला. “वर्षभर मी पुढे चालवत आरशात तेच बघतेय. असा माणूस खोट्या सहीला हो म्हणेल का, मला कळेना झालं. विचारायची हिंमतही होईना.”

“चुकलो मी,” भावोजी म्हणाले. मी त्यांना अठ्ठावीस वर्षं ओळखते. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. “तुला विचारायला हवं होतं. त्याला नाही, तुला.”

“मी पण विचारायला हवं होतं.”

“नाही. तू लहान होतीस.”

“पंचवीसची होते बाबा.”

“तरी.” त्यांनी पडद्याला चिकटवलेला तो कागद ओढून काढला, उलटा केला आणि खिशातलं पेन काढलं. “आता इमारतींची नावं सांग. ज्या ज्या आठवतायत त्या सगळ्या. उद्या सकाळी मी त्याच्यासमोर बसतो आणि एकेक रजिस्टर काढायला लावतो.”

“तो तुमचा मित्र आहे.”

“नावं सांग.”

तिनं नावं सांगायला सुरुवात केली. ती एक नाव घ्यायची, ते लिहायचे, मग विचारायचे, किती मजली, लिफ्ट माणसांची की मालाची, महिना कुठला. मध्येच ती म्हणाली, या इमारतीच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. भावोजींचं पेन थांबलं. त्यांनी ते नाव दोनदा अधोरेखित केलं. मग तिनं काहीतरी दुसरंच सांगितलं, त्या गावातल्या खोलीबद्दल, आणि ते म्हणाले, “पहिल्या हिवाळ्यात पांघरूण होतं का तुला?” आणि ताई रडत रडत दारातच खाली बसली.

मी आत जाऊन तिच्या शेजारी बसले. तिथून पडदा सरळ दिसत होता. पाच वाजून अकरा मिनिटांनी त्यावर हिरव्या अक्षरांत आलं की आठही फेऱ्या पूर्ण, चूक एकही नाही. भावोजींची पाठ होती, त्यांना ते दिसलं नाही. पोर तिकडे बोलत होती, हे इकडे लिहीत होते. मी काही बोलले नाही.